वयस्कर माणसाला घेऊन बाहेर जेवताना: उडपी, थाळी, बुफे, मासळीची खानावळ… कोणाला किती गुण

या आढाव्यात चवीला गुण नाहीत, एसीला नाहीत आणि वेटरच्या अदबीलाही नाहीत. सोबत पंचाहत्तरीची आई आहे, केमो चालू असलेले काका आहेत, डायलिसिसवरचे सासरे आहेत किंवा सातवा महिना लागलेली सून आहे. अशा वेळी मुंबई-पुण्याकडे नेहमी दिसणाऱ्या हॉटेलांपैकी कुठे बसावं, काय मागवावं आणि काय ताटात आलं तरी बाजूला सारावं, एवढंच इथे बघितलं आहे. धडधाकट माणसाचं जे खाऊन एक दिवस पोट बिघडतं, त्यानेच या मंडळींना सलाईन लावायची वेळ येते. वयाबरोबर तहान कमी लागते, शरीर लवकर कोरडं पडतं. त्यात बऱ्याच जणांना सकाळी उपाशीपोटी पँटोप्रॅझोलसारखी गोळी असते. तिने जठरातलं आम्ल कमी होतं आणि जे जंतू तिथेच मेले असते ते खाली आतड्यात पोचतात. (म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ते डॉक्टर ठरवतील.)

गुण देताना एकच गोष्ट मोजली आहे: पदार्थ विस्तवावरून उतरल्यापासून ताटात येईपर्यंत किती वेळ गेला, आणि तो वेळ किती तापमानात गेला. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये जंतू वाढतात. त्यांच्या मनासारखं हवामान मिळालं तर साधारण २० मिनिटांत दुप्पट होतात, म्हणजे चार तासांत एकाचे चार हजार. वास येत नाही, चव बदलत नाही, बुरा दिसत नाही. फरशी किती चकाचक आहे याचा या हिशेबाशी फारसा संबंध नाही, आणि म्हणूनच खालचे गुण काही जणांना उलटेपालटे वाटतील.

उडपी हॉटेल: १० पैकी ८

गर्दीच्या वेळेचं उडपी हॉटेल या यादीत सगळ्यांत वर आहे, मग टेबलाचा सनमायका उडालेला का असेना. इडलीचं पीठ आंबलेलं, म्हणजे मुळात आम्लयुक्त, आणि त्यावर दहा-बारा मिनिटं वाफ. डोसा तव्यावरून थेट ताटात. मेदूवडा तेलातून. सांबार मोठ्या पातेल्यात मंद उकळत असतं. एवढी सुरक्षित साखळी पंचतारांकित ठिकाणीही सहज मिळत नाही.

मग दोन गुण कुठे गेले? चटणीत. ओल्या खोबऱ्याची चटणी शिजत नाही. वाटताना पाणी नळाचं की फिल्टरचं ते आपल्याला दिसत नाही. खोबरं, डाळं, पाणी, आणि आंबटपणा नावाला, म्हणजे जंतूंना याहून बरं काही नको. त्यात काउंटरवरच्या डब्यात उरलेल्या चटणीवर नवी ओतली जाते, त्यामुळे दहा वाजताच्या ताज्या चटणीत सकाळी सातची थोडी असतेच. “चटणी ताजी आहे का?” हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, उत्तर एकच येतं. सोबतच्या माणसाच्या ताटातली चटणीची वाटी येताक्षणी उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा आणि सांबार जास्तीचं मागवा.

मसाला डोशातही एक मेख आहे. डोसा कडकडीत असतो, पण आतली बटाट्याची भाजी तव्याच्या बाजूला तासन्‌तास कोमट पडलेली असते आणि डोसा गुंडाळताना फक्त आत सरकवली जाते. साधा डोसा किंवा रवा डोसा घ्या. इडली मागवताना म्हणा, “दादा, आत्ता निघालेली असेल तरच द्या, नसेल तर थांबतो.” आणि आल्यावर बोटाने मोडून बघा: मधून वाफ आली पाहिजे. बाहेरून गरम आणि मधे कोमट असेल तर ती डब्यात ठेवलेली आहे. दहीवडा, दही-इडली, डब्यातला उपमा नको. कॉफी चालेल, दूध उकळलेलं असतं.

दुपारी साडेतीन ते साडेपाच या वेळेत मात्र याच हॉटेलाचे गुण ५ वर येतात. गिऱ्हाईक तुटक, भटारखान्यात पाळी बदलते, सकाळचं संपवायची घाई असते.

अनलिमिटेड थाळी: ६, पण पहिल्या पंगतीला ७

थाळीच्या हॉटेलात खप मोठा असतो, ही जमेची बाजू. वाढपी मात्र तीच पळी पन्नास ताटांना लावत फिरतो, आणि हातातलं भांडं रिकामं होण्याआधीच त्यावर नवीन भाजी ओतली जाते. दुपारी १२ ला किंवा संध्याकाळी ७ ला, दार उघडल्या उघडल्या बसलात तर भांडी नुकती भरलेली असतात. दोन वाजता तीच कोमट झालेली असतात.

काय घ्यावं: तव्यावरचा फुलका, पुरी, उकळती कढी, वाफाळता वरणभात. गोडात जिलेबी किंवा पाकातला गरम गुलाबजाम, कारण दाट पाकात जंतू वाढत नाहीत. (मधुमेह असेल तर हा सल्ला अर्थातच बाद.) काय सोडावं: कोशिंबीर, मोड आलेल्या कच्च्या मुगाची उसळवजा कोशिंबीर तर नक्कीच. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते तीच साल्मोनेला या जंतूलाही लागते, आणि तो बियाण्यातच असेल तर वरून धुऊन जात नाही. ताक-मठ्ठ्यात पाणी कुठलं हे माहीत नसतं. बासुंदी फसवी आहे: आटवताना निर्जंतुक होते, पण वीस लिटरचं पातेलं थंड व्हायला किती तास लागतात याचा विचार करा. शिजलेलं अन्न ६० अंशांवरून २१ अंशांपर्यंत दोन तासांच्या आत आलं पाहिजे, आणि भरलेलं खोल पातेलं ओट्यावर ठेवून ते होत नाही. एप्रिल-मे मधला आमरस त्याच कारणासाठी नको, तो तर शिजवलेलाही नसतो. श्रीखंड आंबट चक्क्याचं आणि फ्रिजमधलं गार असेल तर त्यातल्या त्यात बरं.

पंजाबी जेवणाचं ‘फॅमिली रेस्टॉरंट’: ५

इथे मेनूवर दोनशे पदार्थ असतात आणि भटारखान्यात तीन ग्रेव्ह्या: लाल टोमॅटोची, पिवळी कांद्याची, पांढरी काजूची. त्या सकाळी किंवा आदल्या दिवशी मोठ्या टोपात होतात. ऑर्डर आली की एक डाव ग्रेव्ही, मूठभर पनीर, दोन मिनिटं मोठी आंच. मोठ्या टोपात सावकाश निवणाऱ्या दाट ग्रेव्हीत आणि मटणाच्या रश्श्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जंतू वाढतो. त्याचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेले जंतू, उकळीतूनही वाचतात आणि निवताना जागे होतात. खाल्ल्यावर ८ ते १६ तासांनी पोटात मुरडा येऊन जुलाब होतात. पुन्हा नीट उकळलं, मधोमध ७५ अंशांच्या आसपास गेलं, तर वाढलेले जंतू मरतात. म्हणून ग्रेव्ही बुडबुडत ताटात यायला हवी. काठावर वाफ आणि मधे कोमट असेल तर परत पाठवा, त्यात अपमान कोणाचाच नाही.

डाळ फ्रायची गंमत इथेच कळते. शिजवलेली डाळ दुपारपासून टोपात असते. वरून लसणीची चुरचुरीत फोडणी पडली की गरम असल्याचा भास होतो, पण वाटीभर डाळ फोडणीच्या दोन चमचे तेलाने तापत नाही. वेटरला सांगायचं वाक्य असं: “डाळ कढईत उकळून आणा, नुसती फोडणी नको.”

पनीर बऱ्याच ठिकाणी पाण्याच्या उघड्या टबात हाताने घातलं-काढलं जातं. हातावरचा स्टॅफिलोकोकस हा जंतू त्यात विष तयार करतो आणि ते विष शिजवूनही जात नाही. चांगलं पनीर कोणाचं हे बाहेरून ओळखता येत नाही, तेव्हा पेशंटसोबत असताना पनीर सोडून उकळणारी भाजी आणि तंदुरी रोटी. मसाला पापडावरचा कांदा-टोमॅटो, ताटाकडेची काकडी, हिरवी चटणी, रायतं, सगळं बाजूला. कच्चा कांदा जंतू मारतो हा समज कुठून आला कोण जाणे, लिंबाचंही तेच.

तंदुरी चिकन आधी अर्धवट भाजून ठेवतात आणि ऑर्डर आल्यावर पुन्हा भट्टीत घालतात. हाडाजवळचा भाग कच्चा राहतो तो यामुळे. मांडीच्या सगळ्यांत जाड भागाला सुरी घालून बघा, मांस लुसलुशीत-चिकट लागलं किंवा गुलाबी रस आला तर परत पाठवा. रंग पूर्ण भरवशाचा नसतो, हेही खरं: चिकनला मधोमध ७४ अंश लागतात आणि ते डोळ्यांनी दिसत नाहीत. म्हणून अशा माणसासाठी हाडाचे मोठे तुकडे घेण्यापेक्षा रश्श्यात उकळलेले लहान तुकडे बरे. दम बिर्याणी हवीच असेल तर हंडी कधी फुटली ते विचारा. बाराला फुटली आणि तुम्ही साडेबाराला बसलात, तर ठीक. साडेतीनला नको.

बुफे: ३

सगळ्यांत महाग आणि या यादीत जवळजवळ तळाला. झाकणाच्या चकचकीत भांड्याखाली मेणासारखं इंधन किंवा गरम पाणी असतं. ते गरम अन्न गरम ठेवण्यापुरतं असतं, गार अन्न तापवण्याची त्याची ताकद नाही. झाकण उघडं राहिलं की वरचा थर पटकन ६० च्या खाली येतो. चिमटे शंभर हातांतून फिरतात, आणि उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूला तेवढं पुरतं. हँड सॅनिटायझर त्याच्यावर फारसा चालत नाही, साबण-पाण्याने वीस सेकंद हात धुवावे लागतात. सॅलड काउंटर, मेयोनीज घातलेलं काहीही, थंड मांसाचे काप, मऊ चीज, क्रीमचे केक इथेच असतात. लिस्टेरिया हा जंतू फ्रिजच्या गारव्यातही वाढतो, आणि गरोदर बाईच्या बाळापर्यंत पोचतो. आईला नुसता बारीक ताप येतो.

मेयोनीजबद्दल आणखी: कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर केरळने जानेवारी २०२३ मध्ये, तेलंगणाने २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये बंदी घातली. शॉरमा, मोमो, सँडविच, बर्गर यांत हेच असतं. बाटलीबंद मेयोनीज पाश्चराइज्ड असतं, पण हॉटेलात कुठलं वापरलं ते कोण सांगणार.

लग्नाकार्यात किंवा मुलाच्या बढतीच्या पार्टीत बुफे टाळता येत नाही. तेव्हा डोसा, पास्ता, तवा भाजी असे समोर करून देणारे काउंटर असतात, तिथेच सोबतच्या माणसाचं जेवण उरका. बाकी भांड्यांपैकी ज्यात नुकतं भरून आणलेलं बघितलंत तेवढंच घ्या.

मासळीची खानावळ: ६, माणूस बघून ० सुद्धा

मालवणी-कोळी खानावळीत मासा दुपारच्या जेवणालाच खावा. मासा फ्राय तव्यावरून आला की सुरमईचा काप काट्याने मणक्याजवळ उघडा: पांढरा, अपारदर्शक आणि पाकळ्या सुटणारा हवा. काचेसारखा दिसला तर तवा पुन्हा दाखवायला सांगा. कुरकुरीत बोंबील पातळ असल्याने निर्धोक. रस्सा उकळता.

बांगडा, तारली, सुरमई, टुना यांची भानगड वेगळी आहे. मासा पकडल्यावर बर्फात नीट राहिला नाही तर त्यात हिस्टामाइन नावाचं द्रव्य तयार होतं आणि तळून-उकळून ते जात नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, जीभ चुरचुरते. लोक याला माशाची ॲलर्जी समजतात. टीबीच्या उपचारात आयसोनियाझिड चालू असलेल्या माणसाला हे फार लवकर होतं, कारण ती गोळी हिस्टामाइन मोडणारं एन्झाइम अडवते. अशा माणसाला हे मासे देऊच नका.

तिसऱ्या, कालवं, खुबे: यकृताचा सिरॉसिस असलेल्या, केमोवरच्या किंवा प्रत्यारोपण झालेल्या माणसाला शून्य. शिंपले खाडीचं पाणी गाळून जगतात आणि सांडपाण्यातलं सगळं स्वतःत साठवतात. उघडले म्हणजे शिजले असं नसतं. हिपॅटायटिस ए चा विषाणू मरायला आत ९० अंश तापमान दीड मिनिट टिकावं लागतं, आणि अर्धवट शिजलेल्या शिंपल्यातला व्हिब्रिओ हा जंतू सिरॉसिसच्या माणसाला जीवघेणा ठरू शकतो. सोलकढीही शिजवलेली नसते. नारळाचं दूध सकाळी काढलं की दुपारी, हाच हिशेब. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा ‘ताजी’ मासळी शीतगृहातून किंवा लांबून आलेली असण्याची शक्यता जास्त. त्या दोन महिन्यांत कोंबडी-वडे बरे.

चायनीज गाडी: २

भात दुपारी उकडून टोपलीत पसरवून ठेवतात, कारण गार भात सुटा राहतो आणि फ्राइड राइस मोकळा होतो. पाककृती म्हणून बरोबरच आहे. पण बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू भात शिजतानाही मरत नाहीत, कोमट भातात वाढून विष सोडतात, आणि ते उलटीचं विष १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं. कढईतली दोन मिनिटांची जाळ उडवणारी आंच त्याच्यापुढे काहीच नाही. १ ते ६ तासांत उलट्या. नूडल्सचंही तसंच, आधी उकडून तेल लावून ठेवलेल्या. फार तर उकळतं सूप घ्या, वरच्या कच्च्या पातीशिवाय.

चाट, रस, बर्फ, आइस्क्रीम

थोडक्यात सांगतो. पाणीपुरी नाही, उसाचा रस नाही, गोळा नाही. अखाद्य बर्फात निळा रंग घालण्याचा नियम २०१८ पासून आहे, पण पांढरा दिसला म्हणजे पिण्याच्या पाण्याचाच, असं नाही. गरोदर बाईसाठी पाण्याची बाब सगळ्यांत गंभीर: पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ शेवटच्या तिमाहीत झाली तर जिवावर बेतू शकतं. पाणी घरचं न्या. वडापाव कढईतून निघालेला आणि सुकी लसणाची चटणी लावलेला चालेल, हिरवी नको. मिसळीचा कट उकळता असतो, वरचा कांदा-कोथिंबीर घालू नका म्हणून आधी सांगा. कंपनीचा सीलबंद आइस्क्रीम कप ठीक, मशीनमधून पिळून देतात ते नको: ते मशीन आतून कधी धुतलं कोणाला माहीत.

परवाना आणि तारे यांचं काय करायचं

ॲपवरचे तारे चवीचे आणि डिलिव्हरीच्या वेळेचे असतात. त्यांचा इथे उपयोग नाही. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक दर्शनी भागात लावावा लागतो आणि १ जानेवारी २०२२ पासून बिलावरही छापावा लागतो. पण तो परवाना आहे, स्वच्छतेची पावती नव्हे. स्वच्छतेचं वेगळं रेटिंग ऐच्छिक आहे. लावलेलं दिसलं तर त्यावरची तारीख बघा. त्यापेक्षा आम्ही बेसिनकडे बघतो: ग्राहकाच्या मोरीत साबण नसेल, तर आतल्या माणसांच्या मोरीत असेल असं धरून चालू नका.

बसल्यावर

मेनू कार्ड चाळून झाल्यावर हात धुवा, आधी नाही. एकाच ओल्या फडक्याने सगळी टेबलं पुसली जातात, म्हणून रोटी-पापड टेबलावर टेकवू नका. चमचा घरचा. पार्किन्सन किंवा विस्मरणाचा आजार असलेल्या माणसाला सावकाश खायला पाऊण तास लागतो, तेव्हा सगळं एकदम न मागवता एकेक प्लेट मागवा. एक इडली, मग दुसरी. उरलेलं पार्सल करून रात्री त्याच माणसाला देऊ नका. अन्न बाहेर दोन तासांच्या वर नको, आणि उन्हाळ्यात पारा ३२ च्या वर असेल तर एकच तास. इन्सुलिनवर असलेल्यांनी सुई पदार्थ टेबलावर आल्यावर घ्यायची, ऑर्डर दिल्यावर नाही. ‘पाच मिनिटांत’ म्हणजे पंचवीस.

तरीही बाधलं तर

शेवटचं जेवणच गुन्हेगार असतं असं नाही. १ ते ६ तासांत उलट्या झाल्या तर भात, पनीर, क्रीम यांवर संशय. ८ ते १६ तासांनी मुरडा आणि जुलाब झाले तर ग्रेव्ही किंवा मटण. एक-दोन दिवसांनी ताप येऊन सुरू झालं तर चिकन, अंडं, कच्चं काहीतरी, आणि तोवर मधे चार जेवणं झालेली असतात.

ओआरएसचं एक लिटरचं पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट पेल्यात असं नाही. दर दोन मिनिटांनी एक-दोन चमचे. २४ तासांनी उरलेलं फेकून द्या. खोक्यातलं गोड पेय ते नव्हे: ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने अशा पेयांवर ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. डायलिसिस किंवा हृदयविकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर ओआरएसही डॉक्टरांना विचारून, कारण त्यात पोटॅशियम असतं. बीपीच्या, लघवी वाढवणाऱ्या आणि मधुमेहाच्या मेटफॉर्मिनच्या गोळ्या त्या दिवशी घ्यायच्या की नाही, हेही डॉक्टरांना फोन करून विचारून घ्या. ताप किंवा शौचात रक्त असेल तर जुलाब थांबवणारी लोपेरामाइड देऊ नका. टॅक्रोलिमस हे औषध घेणाऱ्या प्रत्यारोपणाच्या पेशंटला जुलाब झाले की रक्तातली त्या औषधाची पातळी वाढते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. केमोवर असताना ३८ अंश, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला की सकाळची वाट बघायची नाही. सहा-आठ तास लघवी नाही, गुंगी, पाणीही न टिकणं: थेट हॉस्पिटल.

बिल फेकू नका, त्यावरचा १४ आकडी क्रमांक तक्रारीला लागतो. उरलेलं अन्न घरी आलेलं असेल तर पुरावा म्हणून स्वच्छ झाकणाच्या डब्यात, नाव-तारीख लिहून फ्रिजमध्ये ठेवा. महाराष्ट्र एफडीएचा (अन्न व औषध प्रशासन) टोल फ्री क्रमांक १८००२२२३६५, एफएसएसएआयचा १८००११२१००. सांगताना काय खाल्लं, किती वाजता, किती जणांनी आणि पहिली उलटी किती वाजता झाली, हे चार तपशील लिहून समोर ठेवा.